हार्ड डिस्कची वाटणी

एलिएसेरने भिंत सरकवली की ते पहिल्यांदा नियुर्काच्या चपलेला कळायचं. पलंग आणि भिंत यांच्या मधल्या फटीत ती चप्पल ठेवायची, आणि एक दिवस ती तिथे मावेनाशी व्हायची. भिंत म्हणजे तरी काय, उसाच्या चिपाडाच्या दाबलेल्या फळ्या, पट्ट्यांवर खिळे मारून उभ्या केलेल्या. घटस्फोट मिळाला, पण आमच्या सिएनफुएगोस शहरात घटस्फोटाबरोबर दुसरं घर कोणी देत नाही. घर दोघांच्या नावावर, जायला जागा दोघांनाही नाही. तेव्हा दिवाणखान्याच्या मधोमध फळ्या उभ्या राहिल्या आणि नवरा-बायकोचे शेजारी झाले. त्यानंतर नियुर्का बहिणीकडे गेली रे गेली की हा गडी खिळे उपटायचा, फळ्या चार बोटं तिच्या बाजूला ढकलायचा आणि पुन्हा ठोकून मोकळा व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, "समुद्राची हवा आहे, राणी. लाकूड फुगतं."

जागेचं तिला एवढं वाटत नव्हतं. माणूस पाय आखडून झोपायला शिकतो. तिला डाचायचं ते वेगळंच होतं.

आमच्याकडे मुलगी पंधरा वर्षांची झाली की घरातलं किडूकमिडूक विकून तिचा पंधरावा साजरा करतात. भाड्याचे झगे, मालेकोनवर, समुद्रकाठच्या रस्त्यावर, फोटो, बग्गीतून फेरी, आणि या सगळ्याची फिल्म. फिल्म एलिएसेर काढायचा. म्हणजे कॅमेरा तो धरायचा. हात कापरा, कोणाचं डोकं कापलेलं, कोणाचे पाय गायब, आणि उत्सवमूर्ती जिन्यावरून उतरत असताना साहेबांचा कॅमेरा पाहुण्यांतल्या एखाद्या बाईच्या पाठीवर रेंगाळलेला. ते सगळं गबाळ घरी यायचं आणि नियुर्का कॉम्प्युटरसमोर बसायची. निवडायची, कापायची, जोडायची. एखादीचे दात पुढे असले तर ती हसताना नेमकी जिथे गोड दिसते तेवढाच क्षण धरायची. एखादीचा झगा आखूड पडला असला तर वाऱ्याने तो फुलला असतानाच दाखवायची. मुलींच्या आया पडद्यासमोर बसून रडायच्या. मग शेवटी सोनेरी अक्षरं यायची, "एलिएसेर स्टुडिओ", आणि लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

एकदा, लग्न शाबूत असताना, तिने सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "खाली बारीक अक्षरात माझं नाव टाकू का?"

"टाक की," तो म्हणाला होता. "पण अक्षरं फार झाली की पडदा घाण दिसतो." तिने टाकलं नाही.

पुढे त्याला दुसरी बाई भेटली, घटस्फोट झाला, ती बाईही चार महिन्यांत कंटाळून गेली. हे सगळं नियुर्काने पचवलं. पण एका दुपारी फळ्यांपलीकडून आवाज आला. कोपऱ्यावरचा न्हावी चेओ विचारत होता, "आता बायको गेली, फिल्म कोण जोडणार रे?" आणि एलिएसेर कॉफी भुरकत म्हणाला, "अरे, नियुर्का नुसती बटणं दाबायची. बटणं काय, माकडही दाबतं."

ते तिला पचलं नाही. त्या दुपारपासून तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. ती कोण होती ते एलिएसेरने स्वतःच्या तोंडाने, चार लोकांत कबूल करायला हवं होतं. आणि गोडीने करत नसेल तर त्याला असं बुडवायचं, की बुडताना त्याला कळावं, हे नियुर्काने केलं.

संधी चालत आली. कॉम्प्युटर एकच होता आणि तो कापता येत नाही, म्हणून टेबल फळ्यांच्या बरोबर खाली ठेवलं होतं. टेबलापुरत्या फळ्या कापल्या होत्या. ज्याचा दिवस असेल त्याने पडदा आपल्याकडे वळवायचा. अख्ख्या गल्लीचे पेनड्राइव्ह एलिएसेर त्यात खुपसायचा, आणि प्रत्येक पेनड्राइव्हबरोबर एक नवा रोग यायचा. एके सकाळी यंत्राने मान टाकली.

फळीवर टकटक झाली. "राणी, मशीन मेलं."

"मेलं नाही. तू मारलंस."

"बरं, मारलं. आता उठवशील का? लिसांद्राच्या पंधराव्याचं सगळं त्यात आहे. सिओमारा रोज विचारते."

सिओमारा समोरच्या घरात राहायची. तिच्या लिसांद्राचा पंधरावा झाला आणि लगेच पोरगी बापाबरोबर देश सोडून गेली. कॅमेऱ्यातली कार्डं एलिएसेरने पुसून पुढच्या कामाला वापरलेली. दुसरी प्रत नाही. त्याच्या सगळ्याच कामाची दुसरी प्रत नव्हती. जुन्या घरांना दिलेल्या तबकड्यांना खारट हवेने कधीच बुरशी धरली होती. जे काही होतं ते त्या एका डिस्कवर.

"उठवते," नियुर्का म्हणाली. "पण जुनी सिस्टिम फेकून नवीन टाकावी लागेल. आणि आता दोन टाकीन. एक तुझी, एक माझी. डिस्कची वाटणी करायची."

वाटणी म्हटल्यावर एलिएसेरने खुर्ची ओढलीच. स्वतः नीट बघितल्याशिवाय त्याने आजवर भाजीची जुडीसुद्धा वाटून घेतली नव्हती.

तिने गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लबमधल्या मैत्रिणीकडून एक मोठी डिस्क एका दिवसापुरती मागून आणली आणि सगळ्या फिल्म तिच्यावर काढून ठेवल्या. खरं तर तेव्हाच खेळ संपवता आला असता. परत भरायच्या वेळी हात आखडला की झालं. पण मग तो गल्लीभर सांगत सुटला असता, की बाईला जमलं नाही, हातून गेलं. तसलं यश नियुर्काला फुकट दिलं तरी नको होतं.

पेनड्राइव्ह लावून तिने इन्स्टॉलेशन सुरू केलं. पडद्यावर एक लांब राखाडी पट्टी आली.

"ही अख्खी डिस्क," ती म्हणाली. "इथे मधोमध रेघ मारते. डावीकडचं पार्टिशन माझं, उजवीकडचं तुझं. घरात आहे तसंच."

"मधोमध का? माझ्या फिल्म आहेत. तुझं काय आहे? आईचे फोटो आणि पुडिंग कसं करावं ते."

"कोर्टाने निम्मं-निम्मं म्हटलंय."

"कोर्ट घराबद्दल बोललं. डिस्कचं नाव तरी घेतलं का जजबाईने?"

"मग जा, तिला विचारून ये. मी थांबते."

तिने डावा तुकडा निळा केला, उजवा हिरवा. निळ्यात तिची सिस्टिम, हिरव्यात त्याची. फिल्म परत भरल्या, सगळ्या, एकही न गाळता, आणि मागून आणलेली डिस्क पुसून मैत्रिणीला परत द्यायला बाजूला ठेवली. एलिएसेर मान लांबवून हिरव्या पट्टीकडे आणि मग निळीकडे बघत होता. जेवायला बसलेलं पोर दुसऱ्याच्या ताटातला तुकडा आपल्याहून मोठा आहे का बघतं ना, तसं.

"समजा उद्या जागा कमी पडली," तो म्हणाला, "तर ही रेघ हलते का?"

हाच प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. तिने माउस रेघेवर नेला. रेघेच्या टोकाला एक बारीक मूठ उमटली. "ही धरून ओढली की हलते. इथूनच, याच पेनड्राइव्हवरून. पण तू याला हात लावायचा नाहीस. कळलं? अजिबात नाही."

"मी कशाला लावतोय," एलिएसेर म्हणाला.

तिने पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला. खण दोन्हीकडून उघडायचा.

आता यात ग्यानबाची मेख कुठे होती ते सांगतो. नियुर्काच्या तुकड्याचं उजवं टोक कापायला काही लागत नाही, तिथे रिकामी जागाच असते. पण एलिएसेरचा तुकडा सुरू होतो तो रेघेपासून. रेघ डावीकडे गेली की त्याची पहिली फिल्म उचलून नव्या जागी ठेवावी लागते, मग दुसरी, मग तिसरी. पावाच्या रांगेतला पहिला माणूस सरकला की मागच्या प्रत्येकाला सरकावं लागतं तसंच हे. तासन् तास चालतं. आणि ते चालू असताना वीज गेली तर निम्मी रांग नव्या जागी, निम्मी जुन्या जागी, आणि कोण कुठे उभं आहे हे सांगणारा कोणी उरत नाही. यूपीएसची बॅटरी मरून किती वर्षं झाली ते दोघांनाही आठवत नव्हतं. आणि आमच्याकडे विजेचं काय विचारता? ती येते तेव्हा लोक चकित होतात.

तिने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता. फक्त त्याला रेघेच्या उजवीकडे बसवलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, एवढाच काय तो तिचा भरवसा होता.

पण खोडीलाही मुहूर्त लागतो. दिवस गेले, रेघ जागची हलेना. आपल्या पाळीला ती मशीन सुरू करायची, निळी पट्टी मोजून बघायची, तेवढीच. तिचा धीर सुटत चालला. हा नको तेव्हा शहाणा झाला की काय, असं तिला वाटायला लागलं. शेवटी एका संध्याकाळी बहिणीला फोन लावून ती फळ्यांच्या अगदी जवळ जाऊन बसली.

"अगं, एवढी जागा मिळालीय मला त्या डिस्कवर, नुसती ओस पडलीय," ती मोठ्याने म्हणाली. "काय करू तिचं? लोणचं घालू?" मग थोडं थांबून, "रविवारी येते तुझ्याकडे. सकाळी येईन, रात्री जेवूनच निघेन."

पलीकडे खुर्ची करकरली.

रविवारी ती पाल्मिराला बहिणीच्या स्वयंपाकघरात मलांगाचे कंद सोलत बसली होती. वेळापत्रकाप्रमाणे त्या दिवशी वीज संध्याकाळी जायची होती. वेळापत्रक वाचून त्यावर विश्वास ठेवणारा आमच्या सबंध गल्लीत एकच माणूस, आणि त्याच्याशी तिने लग्न केलं होतं. भर दुपारी पंखा मंदावत मंदावत थांबला. शेजारच्या घरातला रेडिओ अर्ध्या गाण्यात बंद पडला. बहिणीने विजेच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"संपूर्ण प्रांतात गेली म्हणे," दारातून कोणीतरी ओरडलं.

नियुर्का हसायला लागली. सुरी खाली ठेवून, पोट धरून हसायला लागली. बहीण बघतच राहिली. "उन्हाने डोकं फिरलं का तुझं? भात अर्धा कच्चा राहिलाय आणि तू हसतेस?"

"हसू दे गं," नियुर्का म्हणाली. "खूप दिवसांनी आलंय."

ती परतली तेव्हा दिवे आले होते. एलिएसेर टेबलासमोर बसला होता आणि पडद्यावर काळ्यावर पांढरी एकच ओळ लुकलुकत होती. त्याचा चेहरा ओल्या पावासारखा झाला होता.

"मारलं मला," तो म्हणाला. "वीजवाल्यांनी मारलं. सगळं गेलं, नियुर्का. लिसांद्राचं, कोपऱ्यावरच्या जुळ्यांचं, सगळं."

"तू काय करत होतास?"

"काही नाही. नुसता बघत बसलो होतो."

तिने आपल्या बाजूची सिस्टिम सुरू केली. ती निमूट सुरू झाली. निळी पट्टी चांगली पाचव्या हिश्शाने आखडली होती. तिने पडदा त्याच्याकडे वळवला आणि त्या जागेवर बोट ठेवलं. एवढा रंगेहाथ पकडला गेलेला माणूस, पण चोराच्या उलट्या बोंबा. "तुला ती जागा नकोच होती ना? तूच म्हणालीस फोनवर."

किती दिवस ती या क्षणाची वाट बघत होती. वाक्यं तिने पाठ करून ठेवली होती. ती त्याच्या समोर उभी राहिली. "ऐक एलिएसेर. तुला उजवीकडे मी मुद्दाम बसवलं. रेघ कशी हलते ते मुद्दाम दाखवलं. फोनवर मुद्दाम बोलले. तू हात लावणार आणि वीज जाणार, दोन्ही मला माहीत होतं. तुला मी बुडवलंय. मी."

मग त्याने मान हलवली आणि आजारी पोराला थोपटतात तसं तिच्या दंडावर थोपटलं.

"तुलाही धक्का बसलाय, राणी. बस जरा. असं काहीतरी आखायला डोकं लागतं. ते तुझं काम नाही."

तिला वाटलं होतं तो चिडेल, अंगावर येईल, टेबल उलथील. थोपटेल असं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. ती आपल्या बाजूला जाऊन पलंगावर बसली. बटणं तिने दाबली तेव्हा नाव त्याचं लागलं. आता त्याला खड्ड्यात घातलं तर नाव वीजवाल्यांचं.

आणि पुढचे दोन दिवस तर तिने फळ्यांआडून जे ऐकलं ते कोणाच्या वैऱ्यालाही ऐकावं लागू नये. गल्ली एलिएसेरच्या सांत्वनाला लोटली. कोणी काळ्या घेवड्याचा वाडगा आणला, कोणी कॉफी. चेओने फुकट दाढी करून दिली. "वीजवाल्यांनी घर बुडवलं बिचाऱ्याचं," जो तो म्हणत होता, आणि बिचारा वाडग्यामागून वाडगा रिचवत उसासे टाकत होता.

तिसऱ्या दिवशी फळीवर टकटक झाली. "नियुर्का, ते परत आणता येतं का गं? चेओ म्हणतो, कधी कधी येतं."

तिने आदल्याच दिवशी बघून ठेवलं होतं. येत होतं. फिल्मची रांग जिथे थांबली ती जागा सापडली होती. अलीकडचं सरकलेलं, पलीकडचं जुन्या जागी, मध्ये एक सांधा. सांधे जोडणं हेच तर तिने आयुष्यभर केलं होतं. एक फिल्म तिने उघडूनही पाहिली होती, पहिल्या वर्षातली. मुलगी बग्गीतून उतरत होती आणि तिच्या झग्याची किनार चाकात अडकणार तेवढ्यात नियुर्काने ते दृश्य कापून आकाशात उडणारे पेलिकन लावले होते. ती ते विसरूनही गेली होती.

"येतं," ती म्हणाली. "पण एक अट आहे. उद्या पावाच्या रांगेत, सगळ्यांसमोर, म्हणायचं: माझी डिस्क नियुर्काने बुडवली."

"एवढंच?"

"एवढंच."

सकाळी पावाची रांग बेकरीपासून औषधांच्या दुकानापर्यंत गेली होती. एलिएसेरने घसा खाकरला, हात वर केला. "मंडळी, ऐका. विजेने काही केलं नाही. माझी डिस्क या बाईने बुडवली. हिने रविवारी पाल्मिरात बसून वीज घालवली, अख्ख्या प्रांताची." आणि डोळा मारला.

रांग फुटून हसली. चेओ हसला, बेकरीवाला हसला. सिओमारा तर पिशवी तोंडावर धरून खांदे उडेस्तोवर हसत होती. "नियुर्काने?" ती म्हणाली. "ही फिल्म बुडवणार? काहीतरीच काय."

नियुर्का रांगेत उभी राहिली, आपला पाव घेतला आणि घरी आली. तिच्या मनात आता राग असा उरला नव्हता, नुसता एक कोरडा ठामपणा उरला होता. आपल्याला काय करायचंय ते तिला स्पष्ट दिसत होतं.

"ये," तिने फळ्यांवरून हाक मारली. "बस इथे. डोळ्यांनी बघ."

एलिएसेर कॉफीचा पेला घेऊन बसला. बाहेर लख्ख ऊन होतं. तरी तिने वरचा दिवा लावला, पंखा लावला. खणातून पेनड्राइव्ह काढला. पडद्यावर ती लांब पट्टी आली, निळी आणि हिरवी. तिने दोन्ही रंग पुसले. पट्टी राखाडी झाली. पडद्याने विचारलं ते तिने वाचलंही नाही, होय म्हटलं. नुसतं पुसून भागत नाही, पुसलेलं परत निघतं, म्हणून वरून शून्यं भरायला लावली, पहिल्या कोपऱ्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. एक टक्का. दोन टक्के.

"येतंय का?" त्याने विचारलं.

"चाललंय."

"बघ, गोडीने सांगितलं की करतेस. उगाच डोक्यात राख घालून घेतेस." तो पाय पसरून बसला. "लिसांद्राचं आधी काढ हं. त्यानंतर जुळ्यांचं. मग मी आहेच जोडायला."

त्याची कॉफी संपली. त्याने आणखी केली, तिलाही दिली, आणि तिने ती प्यायली. आकडा चढत गेला. अकरा वर्षांच्या कामातल्या मुली एकेक करून जात होत्या, पुढे आलेल्या दातांच्या, आखूड झग्यांच्या, जिन्यावर अडखळलेल्या, ज्यांचं अडखळणं तिने कोणाला दिसू दिलं नव्हतं. तिचा स्वतःचा असा एवढाच पुरावा जगात होता. तिला ते कळत होतं. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली.

शंभर झाले. पट्टी रिकामी.

"एलिएसेर, वर बघ. दिवा चालू आहे?"

"आहे की."

"पंखा?"

"फिरतोय. का गं?"

"डिस्क कोरी आहे. एक अक्षर उरलेलं नाही, आणि आता ते परत आणणारा जगात कोणी नाही. वीज गेली नव्हती. आता सांग, कोणी केलं?"

तो पडद्याकडे वाकला. माउस धरला, इकडे दाबलं, तिकडे दाबलं. मग त्याने वर दिव्याकडे पाहिलं, खरंच पाहिलं, आणि त्याचं तोंड उघडं राहिलं. ती तो चेहरा डोळे भरून बघत होती.

"तू," तो म्हणाला. "तू केलंस. ते आधीचंही तूच केलंस."

"मोठ्याने."

त्याला सांगावं लागलं नाही. तो रस्त्यावर धावत गेला आणि दारोदार ओरडत सुटला, की नियुर्काने केलं, नियुर्काने सगळं पुसलं, ती मुळापासून हेच करत होती. तिचं नाव त्या गल्लीत एवढ्या मोठ्याने कोणी कधी घेतलं नव्हतं. ती आपल्या बाजूला बसून ऐकत होती, आणि खोटं कशाला बोलू, तिला बरं वाटत होतं. अंगातून काटा निघावा तसं हलकं वाटत होतं.

थोड्या वेळाने सिओमारा आली. दार उघडंच होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली, हाताला साबणाचा फेस तसाच.

"तो काहीतरी बरळतोय," ती म्हणाली. "म्हटलं तुलाच विचारावं."

"बरळत नाही. मीच पुसलं."

"वीज..."

"वीज होती. मी पुसलं. मघाशी रांगेत हसलात ना सगळे? तू तर सगळ्यांत जास्त हसलीस. माझ्याने होणार नाही असं वाटलं ना?"

सिओमारा हात पुसायचं विसरून गेली होती. "अगं, हसू नको तर काय करू?" ती हळू म्हणाली. "एका मुलीचं हसू नीट दिसावं म्हणून तीन तीन दिवस जेवायला न उठणारी बाई तू. तुझ्या फिल्म तू पुसशील, हे कोणाला खरं वाटेल?"

"माझ्या फिल्म?"

"मग कोणाच्या? तू काम सोडल्यावर त्याने जोडलेल्या फिल्म बघितल्या नाहीत का आम्ही? मुलीचं तोंड सोडून केकच दाखवतो मेला. सगळ्या बायकांना माहीत आहे ते. तो शहाणा तेवढा आपल्या नावाची पाटी घेऊन फिरतो, फिरू दे म्हटलं." तिने फळ्यांच्या भिंतीकडे पाहिलं, खालच्या कापलेल्या जागेतल्या टेबलाकडे पाहिलं. "मी लिसांद्राचं काम त्याला दिलं ते का? म्हटलं, त्याच घरात आहे ना ती. रडतखडत का होईना, शेवटी ते तुझ्याच समोर येणार. पोरगी फोनवर विचारत होती, आई, फिल्म कोण जोडतंय. मी तिला म्हटलं, तू काळजी करू नकोस, नियुर्का आहे."

पलीकडच्या रस्त्यावर एलिएसेर अजून कोणाला तरी सांगत होता. पंखा फिरत होता. नियुर्का उठली, एकुलती खुर्ची पुसून तिने सिओमाराच्या पुढे ठेवली. सिओमारा बसली नाही.